गिफ्टाची बाव

ही समोर दिसते ती गिफ्टाची बाव. बाव म्हणजे विहीर. समुद्र इथून चाळीस पावलांवर, तरी पाणी गोड. नाव ऐकून पाहुणे हसतात. हसा, पण बसून गोष्टही ऐका.

फार जुनी गोष्ट. वैशाखात एक गलबत दूर भर समुद्रातल्या खडकावर फुटलं. तिघेच जिवंत किनाऱ्याला लागले, एक इंग्रज, एक जर्मन आणि एक डेन्मार्कचा. तीन दिवस फळीवर काढलेले, ओठ फुटलेले. आवडाबाई कुबल इथं पाणी भरत होती. तिनं करवंटी भरून आधी इंग्रजाला दिली. तो घटाघटा प्यायला आणि आभाळाकडे बघून ओरडला, “गिफ्ट!” त्याच्या भाषेत गिफ्ट म्हणजे देणगी. देवाची देणगी, असं त्याला म्हणायचं होतं. पण रिकाम्या पोटी एकदम पाणी गेलेलं. लगेच भडाभडा ओकला.

दुसरी करवंटी जर्मनाच्या ओठांशी होती. त्याच्या भाषेत गिफ्ट म्हणजे विष! त्यानं ती भिरकावली आणि सुरा काढून आवडाबाईच्या अंगावर गेला. गावची माणसं वल्ही घेऊन धावली. रक्त सांडायचंच बाकी होतं म्हणे.

आवडाबाईनं हात वर करून माणसांना थांबवलं. त्या परक्याच्या डोळ्यांतली भीती तिनं ओळखली होती. पाहुण्याला उष्टं देणं म्हणजे तिच्या लेखी पाप. तरी तिनं करवंटी पुन्हा भरली, त्याच्यादेखत अर्धी प्यायली आणि वाळूत बसली.

“बस. माका काय होता तां बघ.”

सगळेच बसले. माडाची सावली सरकत गेली. हिला काहीच होईना. एवढ्यात डेन्मार्कवाल्याला हसू फुटलं. त्याला दोघांच्याही भाषा येत होत्या. घोटाळा त्याच्या ध्यानात आला. दोघांना समजावून झाल्यावर बोटातली अंगठी दाखवत तो म्हणाला, “आमच्याकडे गिफ्ट म्हणजे विषही, आणि लग्न झालेला माणूसही. मी गिफ्ट आहे, मला घरी जायचंय.”

जर्मनानं सुरा वाळूत टाकला. आवडाबाईच्या हातातली उष्टी करवंटी दोन्ही हातांनी घेतली आणि रडत रडत प्यायला. पावसाळाभर तिघे तिच्याच पडवीत राहिले, असं सांगतात. डेन्मार्कवाला तेवढ्यात आमची बोली शिकला. त्यानंच ही हकीकत गावाला उलगडून सांगितली.

आजही या बावीवर पाणी देणारा आधी स्वतः घोट घेतो, मग पाहुण्याला देतो. गावात इतर कुठं असं चालायचं नाही. इथं मात्र त्याला कुणी उष्टं म्हणत नाही.

थांबा हं. हा मी प्यालो. घ्या आता.