हौसाचा माग

नदी जिथे धुक्यात शिरते आणि परत बाहेर यायचं विसरते, तिथे विणकरांचं एक गाव होतं. त्या गावाची रीतच न्यारी. फाल्गुन संपला की तिन्हीसांजेला सरतं वर्ष स्वतः दारोदार यायचं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, पाठीला गाठोडं. प्रत्येकाने मागावरचं कापड, असेल तेवढं, कापून माग मोकळा करायचा आणि उरलेली सुतं त्याच्या गाठोड्यात टाकायची. सगळे माग मोकळे झाले की म्हातारा डोंगरापलीकडे जाई आणि पाडवा उजाडे.

त्या गावात हौसा नावाची विणकर होती. हात असा की बघत राहावं! पण वर्षभर तिच्या मागावरून एक लुगडंसुद्धा उतरलं नव्हतं.

झालं होतं असं. धाकटी बहीण तानी एका दुपारी तिच्यासाठी सूत कातून घेऊन आली होती. हौसा कामात होती, डोकं तापलेलं. फटकन बोलून गेली, "तुझं गाठाळ सूत कोण विणणार? ने परत." तानी पाणीही न पिता नदीपलीकडे सासरी निघून गेली. त्याच घटकेला हौसाच्या हातून एक आडवा धागा चुकला, कापडात वाकडी रेघ उमटली.

तेव्हापासून हौसा ती रेघ काढायला बसली. उसवायची, पुन्हा विणायची. विणताना मन त्या दुपारकडे जाई आणि धागा पुन्हा तिथेच चुके. मग पुन्हा उसवणं. वेड्या बाईला वाटे, रेघ सरळ झाली की ती दुपारही सरळ होईल.

अशात तानीचा निरोप आला. "मुलगा झालाय. पाडव्याला बारसं आहे. मावशीने यावं."

"कुठल्या तोंडाने जाऊ?" हौसा म्हणाली, आणि उसवायला बसली.

तेवढ्यात म्हातारा दारात आला.

"बाबा, मला त्या दुपारी परत नेता का हो? एकदाच!"

"पोरी, मला पुढेच चालता येतं. पण तुझा माग मोकळा होईपर्यंत मी इथेच बसतो. रीत आहे."

आणि तो उंबऱ्यापाशी बसला की!

सूर्य डोंगरावर टेकला तो टेकलाच. गायींनी उडवलेली धूळ सोनेरी होऊन हवेत थांबली. घरट्याकडे निघालेले बगळे आभाळात तरंगत राहिले. सगळं गाव झोपेत चालल्यासारखं झालं. एवढ्यात शेजारीण ओरडली, "हौसे, सोड गं बाई त्याला! कधीची चूल फुंकतेय, भात काही शिजेना!"

हौसाने ऐकलं नाही. उसवत राहिली. अखेर तो वाकडा धागा ओढून काढला आणि हातात धरून दाराकडे बघत बसली.

"निघाली चूक?" म्हाताऱ्याने विचारलं.

"निघाली."

"मग आली तानी?"

हौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "नाही आली, बाबा."

"कशी येईल? तिच्या घरी पाळणा सजवून ठेवलाय. पण पाडवा उजाडत नाही, तोवर बारसं नाही. लेकरू बिननावाचं निजलंय."

हौसा चरकली. आपलं दुःख आपल्यापुरतंच, असं तिला आजवर वाटत होतं. तिने मागाकडे पाहिलं. उसवून उसवून सूत विरलं होतं, कापड जेमतेम दीड हात उरलं होतं. लुगडं तर नाहीच, साधी चोळीही झाली नसती. पण बाळाची कुंची झाली असती.

तिने कात्री घेतली. कापड कापलं. वाकडा धागा आणि उरलेली सुतं गाठोड्यात टाकली.

"आई गं, गुडघे!" म्हणत म्हातारा उठला आणि चालू लागला. सूर्य बुडाला, भात शिजला, गाव निजलं.

पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभ्या राहत होत्या, तेव्हा हौसा नदी ओलांडून तानीच्या दारात उभी होती. हातात नवी कुंची.

"तानी, मी वाईट बोलले गं. फार वाईट. चुकलं माझं."

तानीचा चेहरा कठीणच होता. "वर्ष लावलंस हे सांगायला?"

"लावलं खरं."

तानीने डोळे पुसले. "मला अजून राग आहे. पण आत ये. पाळण्याखालून बाळ घ्यायला कुणीतरी हवंच आहे."

हौसा पाळण्यापाशी बसली, हात पुढे केले. तानीने बाळ त्या हातांत दिलं. ते ऊबदार होतं, जांभई देत होतं आणि त्याला मागचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

लेकरांनो, तात्पर्य एवढंच: गेलेला दिवस उसवून नीट होत नाही, हातात उरलंय त्याचं आज काहीतरी शिवावं आणि ज्याचं मन दुखावलं, त्याच्या दारी जावं.