तिथं द्यायचं तेल

“पण ‘तिथं’ म्हणजे कुठं, पाद्री?”

पाद्री लिगोर वरच्या पायरीवर बसले होते. चर्चच्या दारातल्या दिव्याची काच ते वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसत होते.

रघुवीर खांडेपारकरने पिशवीतून बाटली काढली आणि पायरीवर ठेवली. औषधाची जुनी बाटली होती. आत खोबरेल, गळ्याला लाल दोरा.

“जपून. ती पायरी हलते,” पाद्री म्हणाले. “गेल्या पावसात मीच पडलो तिच्यावरून.”

रघुवीरने बाटली उचलून एक पायरी वर ठेवली.

तरुणपणी तो याच पायऱ्यांवर बसून पाद्रींकडून पोर्तुगीज शिकला होता, थडग्यांवरचे लेख वाचता यावेत म्हणून. पुढे त्याने गोव्यातल्या पाहण्यासारख्या देवळांचं आणि चर्चचं पुस्तक लिहिलं. लोक ते हातात धरून फिरत. कोणता खांब कुठल्या राजवटीतला, कोणती घंटा कुठल्या मनोऱ्यावरून कुठे गेली, हे त्याला विचारावं.

त्याची बायको कुमुद जाऊन वर्ष होत आलं होतं.

“बस भरभरून माणसं येतात तुझं पुस्तक घेऊन,” पाद्री म्हणाले. “मला विचारतात, संडास कुठं आहे? तेवढं लिहायचं राहिलं तुझं.”

रघुवीर हसला नाही.

“ही बाटली कुमुदने देवांच्या फळीवर ठेवली होती. हात लावू नका म्हणायची, देवाचं तेल आहे. मी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर तिच्या बहिणीने सांगितलं, नवस होता. ‘तिथं द्यायचंय, हे मोकळे झाले की दोघं जाऊ,’ एवढंच बोलली होती म्हणे.”

“कसला नवस?”

“ते बहिणीलाही ठाऊक नाही.”

“आणि तू मोकळा कधी झालास?”

“...आत्ता.”

पाद्रींनी काच उजेडात धरून पाहिली. पुन्हा पुसू लागले.

“कुठं कुठं जाऊन आलास?”

“पुस्तकातल्या सगळ्या ठिकाणी. मंगेशीला गेलो, कवळ्याला गेलो. म्हापशाला सायबिणीच्या, मेरीमातेच्या चर्चमध्ये आमचे लोकही तेल वाहतात, तिथं रांगेत उभा राहिलो. पण कुमुद म्हापशाला जायची ती शुक्रवारच्या बाजाराला, मिरच्या आणि चवळी घ्यायला. रांगेतून बाहेर पडलो. तांबडी सुर्लाला गेलो. जुन्या गोव्यात तो पडका मनोरा आहे ना, तिथंही.”

“तिथं देव कुठाय? नुसती भिंत.”

“भिंतीपुढेही उभा राहिलो बाटली घेऊन. रखवालदार म्हणाला, बाटल्या काढायच्या तर तिकडे समुद्रावर जा.”

पाद्री मोठ्याने हसले. हसता हसता खोकले. रघुवीरलाही थोडं हसू आलं.

“सगळीकडे एकच सांगतात,” तो म्हणाला. “इथंच ठेवा, देव एकच.”

“खोटं आहे का ते?”

“एकच असता तर ती ‘तिथं’ म्हणाली नसती.”

पाद्रींनी पहिल्यांदा मान वर केली. उत्तर त्यांना आवडलं असावं.

“म्हणून शेवटी इथं आलास?”

“म्हणून इथं. कुमुदच्या माहेरचं दैवत मुळात याच टेकडीवरचं. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती होडीत घातली आणि नदीपलीकडे नेली. मग इथं हे चर्च उभं राहिलं. पुस्तकात त्याचं साल चुकलं होतं माझं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं.”

“माझ्या इगर्जीचा वाढदिवस तू बदललास आणि मला आत्ता सांगतोस?”

रघुवीरने नदीपलीकडे बोट दाखवलं. माडांच्या शेंड्यांमधून देवळाचा पांढरा घुमट दिसत होता.

“देव पलीकडे, जागा अलीकडे. तिच्या माहेरच्या बायका पलीकडे ओटी भरतात आणि निघताना या टेकडीकडे वळून हात जोडतात. लग्नाआधी कुमुदही जोडायची. तेव्हा ‘तिथं’ म्हणजे देव, की ‘तिथं’ म्हणजे जागा? तुम्ही सांगा. मला वाचायला तुम्हीच शिकवलंत.”

“आण ती बाटली.”

पाद्रींनी बूच काढून वास घेतला.

“खवट झालंय.”

“थंडीत थिजलं, पुन्हा वितळलं. होणारच.”

“भाजीत घालू नकोस.”

“थट्टा नको, पाद्री.”

“थट्टा कुठं केली? वास आला तो सांगितला.”

त्यांनी बूच लावून बाटली परत ठेवली. खाली धक्क्यावर कुणीतरी फेरीबोटीसाठी शिट्टी वाजवत होतं.

“ती तुझ्याबरोबर यायची का रे, या सगळ्या ठिकाणी?”

“सगळीकडे!” रघुवीरचा आवाज चढला. “एकही जागा चुकवली नाही तिने. बस बदलत, पायवाटा तुडवत. तांबडी सुर्लाच्या रानात जळवा चिकटल्या पायांना, तरी आली.”

“तिथं आत तिला काय आवडलं?”

“तिथं मंडपात खांबाच्या तळाशी हत्ती कोरलाय, घोड्याला तुडवणारा. तो—”

“तो पुस्तकात आहे. तिला काय आवडलं?”

रघुवीरने बाटली पायरीवर थोडी सरकवली.

“बरं, कवळ्याला?”

“कवळ्याला सभामंडपातली झुंबरं...” रघुवीर थांबला.

“जुन्या गोव्यातल्या सोन्याच्या वेदीपुढे उभं राहून काय म्हणाली?”

रघुवीर लाल दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“ती... बाहेर असायची.”

“का?”

“बूट.”

“बूट?”

“लग्नानंतर लगेच एका जत्रेत माझे नवे बूट गेले. देवळाबाहेर काढले होते. अनवाणी बसमध्ये चढलो. सगळी बस हसली, तीही हसली. तेव्हापासून म्हणायची, तुम्ही जा आत, मी बसते बुटांपाशी. तुमचं झालं की मी जाऊन येते.”

“मग जायची?”

“माझं होईपर्यंत बसची वेळ झालेली असायची.”

पाद्रींनी मान हलवली.

“हे देवळांचं झालं. इगर्जीत कुणी बूट काढायला सांगत नाही.”

“तुम्ही सांगितलं होतंत.”

“मी?”

“जमिनीत थडगी असतात. मेलेल्या माणसाचं नाव वाचायचं असेल तर त्याच्या अंगावर बूट घालून उभं राहायचं नाही. इथंच, पहिल्या दिवशी सांगितलं होतंत. तेव्हापासून मी प्रत्येक चर्चमध्ये बूट बाहेर काढले.”

काचेवरचा हात थांबला.

“हो,” पाद्री म्हणाले. “सांगितलं होतं खरं.”

फेरीबोट धक्क्याला लागली. दोन स्कूटर उतरल्या, मागून रिकामी पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण. तिने चर्चकडे पाहून कपाळाला हात लावला, मग पलीकडच्या देवळाकडे वळून पुन्हा लावला, आणि स्कूटरवाल्याला वाट अडवल्याबद्दल शिवी हासडून चालू लागली.

“म्हणजे लग्नानंतर ती आत कुठेच गेली नाही,” रघुवीर म्हणाला.

तो हे पाद्रींना सांगत नव्हता. आकडेमोड करून झाल्यावर आलेल्या उत्तराकडे पाहावं तसा तो पायरीकडे पाहत होता. मग एकदम वळला.

“मग ती नवस बोलली कुणापुढे?”

वर्षभर तो विचारत होता, त्यातला हा प्रश्न नव्हता. हा नवा होता.

पाद्री उठले. दाराशेजारच्या कोनाड्यात दिवा होता. वात होती, तेल नव्हतं. दारावरचा विजेचा बल्बही पावसाळ्यापासून गेलेलाच होता. त्यांनी पुसलेली काच बसवली, काडेपेटी शेजारी ठेवली आणि पश्चिमेकडे पाहिलं.

“प्रार्थनेची वेळ झाली.”

“पाद्री, माझा प्रश्न...”

पाद्रींनी चपला काढल्या. एक इकडे पडली, एक तिकडे.

“तुम्ही तर कधी काढत नाही,” रघुवीर म्हणाला.

“आज काढतो. बघ जरा. कुत्रं पळवतं.”

“पण मी विचारलं ते...”

“चपला बघ रे, पुता.”

आणि ते अनवाणी आत गेले.

रघुवीर बसून राहिला.

सुरुवातीला त्याला राग आला. या वयात, पाद्र्याच्या चपलांची राखण! झिजलेल्या, एका अंगठ्याला तार बांधलेल्या. कुत्र्यानेसुद्धा विचार केला असता.

मग त्याने आत पाहण्याचा प्रयत्न केला. या चर्चची वेदी त्याने इंच इंच मोजली होती. डावीकडचा देवदूत, त्याचं तुटलेलं बोट, खालच्या पट्टीवरची द्राक्षं आणि द्राक्षांतच लपवून कोरलेलं फणसाचं पान. ते पान पहिल्यांदा त्यालाच सापडलं होतं. पुस्तकात त्याचा फोटो होता. पायरीवरून त्यातलं काही दिसत नव्हतं. दार दिसत होतं, आणि दारात अंधार.

आतून पाद्रींचा पुटपुटता आवाज आला. मग खोकला. मग नुसतं शांत.

बाहेर मात्र बरंच काही होतं. नदीचा रंग बदलत होता. पलीकडच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवली, ती पाण्यावरून जरा उशिराच आल्यासारखी वाटली. फेरीबोट परत निघाली. चर्चच्या भिंतीला टेकून एक काळं कुत्रं खरोखरच चपलांकडे बघत होतं.

“हड्!” रघुवीर म्हणाला.

कुत्रं दोन पावलं सरकलं आणि बसलं.

त्याने चपला उचलून जवळ घेतल्या. जोडीने ठेवल्या. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटून पुन्हा उचलल्या आणि फिरवून ठेवल्या, टाचा दाराकडे, अंगठे बाहेर. म्हाताऱ्या माणसाला बाहेर आल्यावर वळावं लागू नये. नुसते पाय सरकवायचे.

ठेवल्या, आणि त्याचा हात तिथंच राहिला.

त्याचे बूट नेहमी असेच असायचे. प्रत्येक देवळाबाहेर, प्रत्येक चर्चबाहेर. टाचा आत, टोकं बाहेर. तो वही खिशात घालत बाहेर यायचा, बोलत बोलत पाय सरकवायचा आणि चालू लागायचा. आपण ते तसेच काढतो असं त्याला वाटत होतं. खरं तर तसा विचारही कधी केला नव्हता. बूट तिथं असायचे.

अंधार वाढत गेला.

आतून खोकला ऐकू येईना. रघुवीर कान देऊन बसला. म्हातारा एकटा आत, गुडघे दुखरे, जमीन उंचसखल. हाक मारावी का? प्रार्थनेत आहेत. किती वेळ लावतात... आता येतील. त्याने दाराकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. धक्क्यावरचे दिवे लागले, पण त्यांचा उजेड टेकडीवर पोचत नव्हता. पायऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. हलणारी कुठली, ते आता त्यालाही ओळखू येत नव्हतं.

आत पावलं वाजली. अनवाणी, चाचपडत येणारी.

रघुवीर उठला. कोनाड्यापाशी गेला. काच उघडली, उठताना हाताला लागलेल्या बाटलीचं बूच काढलं आणि तेल ओतलं. वात बोटाने वर ओढली. पहिली काडी विझली. दुसरी ओंजळीत धरली.

वात तडतडली, मग धरली. खवट वास पसरला. पिवळा उजेड दारातून पायऱ्यांवर उतरला, आणि हलणाऱ्या दगडाखालची फट काळी होऊन स्पष्ट दिसली.

पाद्री दारात आले. डोळे मिचकावून त्यांनी खाली पाहिलं, तो दगड सोडून त्याच्या खालच्या पायरीवर पाय टाकला आणि न वळता चपलांत पाय सरकवले.

“बराच वेळ लावला का मी?”

“हो,” रघुवीर म्हणाला. “मला वाटलं, अंधारात तुम्ही...”

तेव्हा त्याला हातातली बाटली दिसली. तळाशी बोटभर तेल उरलं होतं. लाल दोरा ओला होऊन त्याच्या अंगठ्याला चिकटला होता.

“पाद्री...” तो पायरीवर बसला. “हे तर तिचं... देवाचं तेल होतं हो. कुणाला दिलं मी ते?”

पाद्रींनी दिव्याकडे पाहिलं नाही. त्याच्याकडेही पाहिलं नाही. ते सावकाश त्याच्याशेजारी बसले, आणि दोघांमध्ये थोडी जागा सोडली.

“मला पायरी दिसली, पुता.”