भिंतीकडे तोंड केलेली गाडी

एकदा एका व्यापाऱ्याच्या मनात आलं, की आयुष्यभर ज्या गाडीतून तांदळाची पोती वाहिली, तिच्यातूनच आता स्वतःला आणि बायकोला वाहावं. गाडी जुनी मॅटाडोर होती, टपोऱ्या दिव्यांची आणि बसक्या नाकाची. त्यानं तिच्या पोटात पलंग बसवला, शेगडी बसवली, खिडक्यांना पडदे लावले, आणि गावाबाहेरच्या एका वृद्ध चित्रकाराच्या शेडमध्ये ती आणून उभी केली.

"आतून घर झालंय," व्यापारी म्हणाला, "पण बाहेरून अजून गोदामच दिसतंय. काहीतरी करा."

चित्रकाराचा जन्म ट्रकच्या पाठी आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. त्यानं व्यापाऱ्याला काही विचारलं नाही. तो सोबत आलेल्या त्याच्या बायकोकडे वळला. "वहिनी, तुम्हाला काय बघायला आवडेल?"

ती जरा लाजली. मग म्हणाली, "आमच्या माहेरच्या तळ्यावर सारसांची जोडी यायची. पिल्लू घेऊन. लग्न झाल्यापासून काही दिसली नाही बाई."

गाडीच्या उजव्या बाजूला चित्रकारानं स्वतः तळं काढलं, त्यात कमळं, पलीकडे भाताची खाचरं. डावी बाजू, जिच्यावर सारस यायचे होते, ती मात्र त्यानं आपल्या शिष्येला दिली.

ही शिष्या एक तरुण आई होती. चित्रकलेचं शिक्षण घेतलेली, कागदावर हात बसलेली. पत्र्यावर मोठं चित्र काढायला शिकावं म्हणून ती या म्हाताऱ्याकडे येऊ लागली होती. मध्ये बाळंतपण आलं आणि शिकणं थांबलं. आता लेक अबोली चालायला लागली होती, याच आठवड्यात पाळणाघरात जाऊ लागली होती, आणि आई पुन्हा शेडमध्ये आली होती. म्हणजे शरीरानं आली होती.

"ही बाजू तुझी," चित्रकार म्हणाला. "मी ब्रश लावणार नाही. जमली तर खाली तुझं नाव लिही. नाही जमली, तर पुसून एकच सपाट रंग मारू. उद्या दुपारी त्यांना निघायचंय, दुसऱ्यांदा काढायला वेळ नाही."

"आणि वहिनींचे सारस?"

"मग ते माहेरीच राहतील."

काळजी तिला सकाळपासून होतीच. आता त्या काळजीला कारण मिळालं.

तिनं खडूनं आराखडा केला, ऑइलपेंट कालवला आणि ब्रश उचलला. नराची लांब मान एका दमात उतरली. मादीचीही उतरली. इतकी सरळ उतरली, की तिला संशय आला. मधे फोन केला.

"मावशी, रडतेय का हो ती?"

"नाही हो ताई, खेळतेय," पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या.

रडत नाही याचं तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, इतक्यात विसरलीसुद्धा मला? पायांच्या लाल काड्या ओढून झाल्यावर तिनं पुन्हा फोन केला.

"आता झोपलीय," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"या वेळी? या वेळी ती कधी झोपत नाही. अंग गरम नाही ना? जरा कपाळाला हात लावून बघता का?"

"अहो, छान झोपलीय."

"बघा ना प्लीज, मावशी. नुसता हात लावा."

मावशींनी हात लावला असावा. कारण क्षणभरानं फोनमधून अबोलीचं रडणं असं काही उसळलं, की शेडच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यानंही मान वर केली.

"ताप नाहीये," मावशी रडण्यावरून ओरडून म्हणाल्या. "आणि झोपही नाहीये आता!"

शिष्येनं फोन ठेवला. म्हाताऱ्यानं बादलीतलं पाणी घेऊन शेडची जमीन शिंपडली आणि दारावर ओलं गोणपाट टांगलं, बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून.

पिल्लू सगळ्यात शेवटी काढायचं होतं. तांबूस, लोकरीसारखं, दोघांच्या पायांच्या मधे चालणारं. तिनं ते काढलं. मागं सरकून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. पिल्लाच्या पाठीवर, मादीच्या मानेवर, सगळीकडे ब्रशाच्या केसांच्या रेघा दिसत होत्या. नांगरलेल्या शेतासारख्या.

"दुरुस्त करते," ती म्हणाली.

"नको. राहू दे," म्हातारा म्हणाला.

हे तो तिला पहिल्यापासून सांगत आला होता. पत्र्याच्या तुकड्यांवर सराव करताना प्रत्येक वेळी तेच व्हायचं. चित्र बरं उतरायचं, मग ती त्यावरून पुन्हा ब्रश फिरवायची, रंग ओढला जायचा, गोळा व्हायचा, आणि शेवटी सगळं टर्पेंटाइननं पुसावं लागायचं. तिला ते कळत होतं. न कळण्याइतकी ती अडाणी नव्हती. पण कळणं डोक्यात राहायचं आणि ब्रश हातात.

तिनं मादीच्या मानेवरून एकदा अगदी हलकेच हात फिरवला. रेघा वाढल्या. पिल्लाची पाठ सुकत आली की काय, हे पाहायला तिनं बोट टेकवलं. बोटाला तांबडा रंग लागला आणि पाठीवर बोट उमटलं.

"काका, एवढंच भरते हं. एवढंच!"

म्हातारा उठला. गाडीत चढला आणि त्यानं इंजिन सुरू केलं.

"काका! ओला आहे रंग!"

"म्हणूनच," तो खिडकीतून म्हणाला.

मुंगीच्या चालीनं गाडी मागे घेत, पुढे घेत, त्यानं ती शेडच्या मागच्या भिंतीला लावली. सारसांची बाजू भिंतीकडे. मधे एवढीच फट ठेवली, की हवा जाईल आणि हात जाणार नाही. मग उजव्या दारानं उतरून किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा दाराशी जाऊन बसला.

ती फटीपाशी गेली. एक डोळा मिटून पाहिलं. अंधार आणि रंगाचा वास, एवढंच. मग गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथूनही तेच.

"काका, ते बोट तसंच वाळेल."

"वाळेल."

"मानेवरच्या रेघाही."

"बघू."

"पण आत्ता दुरुस्त केलं असतं तर..."

"माशी बसेल बघ तिकडे, तो डबा झाक," म्हातारा म्हणाला.

तिनं डबा झाकला. ब्रश धुतले. धुतलेले ब्रश पुन्हा धुतले. मनातल्या मनात पिल्लाची पाठ पुसून ती नव्यानं काढत राहिली, आणि दर वेळी ती आधीपेक्षा वाईट होत गेली. हा म्हातारा शिकवतोय की सूड उगवतोय, हेही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी व्यापारी गाडी पाहायला आला आणि दारातच थबकला. "हे काय! माझी गाडी भिंतीकडे तोंड करून का उभी? शिक्षा केलीत की काय तिला?"

"तिला नाही," म्हातारा म्हणाला. "उद्या या. वहिनींना घेऊन या."

घरी गेल्यावर शिष्येनं भातात मीठ घातलं की नाही हे तिला आठवेना, म्हणून पुन्हा घातलं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आणि त्याची बायको सामानासकट आली. म्हाताऱ्यानं गाडी भिंतीपासून सोडवून उजेडात आणली. शिष्येनं आधी जमिनीकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग कसंबसं वर.

मादीची मान तळ्यातल्या पाण्यासारखी नितळ होती. नांगरलेलं शेत कुठे गेलं होतं कोण जाणे. पंख, गवत, पाय, सगळीकडे रंग आपापल्या जागी बसून चकचकीत झाला होता. तिनं भरलेलं नव्हतं, कुणीच भरलेलं नव्हतं.

"काका, तुम्ही..."

"फटीत माझा हात तरी जाणार होता का?" म्हातारा म्हणाला. मग तो हळू आवाजात, तिच्यापुरतंच बोलला. "ब्रश उचलला की आपलं काम संपतं आणि रंगाचं सुरू होतं. ओला असेपर्यंत तो पसरतो, आपल्या रेघा आपणच बुजवतो. त्याला तेवढा अवकाश लागतो. तुझी काळजी खोटी नव्हती, बाई. रेघा होत्याच. पण त्या मिटवणं तुझ्याकडे नव्हतं. तू दर वेळी त्याच्या कामात शिरत होतीस आणि वर म्हणत होतीस, रंग नीट बसत नाही."

"मग मी नुसती बसून राहू?"

"नुसती कशाला? जमीन शिंपडायची. दाराला गोणपाट लावायचं. माशी हाकलायची. जवळच राहायचं. हे काम काय थोडं आहे?"

तेवढ्यात व्यापाऱ्याची बायको पिल्लापाशी वाकली. "अगंबाई! इथे काय झालंय?"

पिल्लाच्या पाठीवर बोटाचा ठसा जसाच्या तसा वाळला होता. ब्रशाच्या रेघा रंगानं मिटवल्या होत्या; उशिरा टेकलेलं बोट त्याला मिटवता आलं नव्हतं.

शिष्या पुढे झाली. "माझं बोट आहे ते, वहिनी. सुकलंय का बघायला लावलं. मी... पुसायचं असेल तर सगळी बाजूच..."

"पुसायचं?" त्या बाईनं वर पाहिलं. "काही नको. तीट लागलीय पिल्लाला. आई म्हटली की एवढं लावणारच."

"पण मी म्हणतो, ठसा जरा..." व्यापाऱ्यानं सुरुवात केली.

"तुम्ही सामान चढवा बघू," बायको म्हणाली. त्यानं सामान चढवलं.

गवताच्या कोपऱ्यात शिष्येनं आपलं नाव लिहिलं. एकदाच. तिसरं अक्षर किंचित तिरकं गेलं. ब्रश पुन्हा तिकडे निघाला होता, तो तिनं टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला.

मॅटाडोर धूळ उडवत गेली, आणि शिष्या पाळणाघरात पोचली. वाटेत फोन करायचा तिला मोह झाला नाही असं नाही. झाला, पुष्कळदा झाला.

अबोली झोपलेली होती. सतरंजीवर पालथी, एक पाय पांघरुणाबाहेर.

"उठवू का?" मावशींनी विचारलं. कालच्या अनुभवानं त्या जरा सावध होत्या.

आज तरी नीट जेवली असेल का, घाम आलाय का, हा पाय गार पडला असेल का, असे सगळे प्रश्न दाटीवाटीनं तिच्या तोंडाशी आले. तिनं पायातल्या चपला आवाज न करता काढल्या. उघड्या दारातून ऊन लेकीच्या तोंडावर येत होतं, ते दार तिनं हलकेच लोटलं.

"नको," ती म्हणाली. "मी थांबते."

आणि उंबऱ्याशी उभं राहून तिनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि एकमेकांना धरायला दिले.