डब्यातले चष्मे

एकदा एक आई डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन एका वृद्ध नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात आली. बाटली तिने टेबलावर ठेवली, म्हणजे जवळजवळ आपटलीच. सोबत पाचवीतली तिची मुलगी केतकी होती.

"दोन वर्षं रोज झोपताना न चुकता थेंब घातले, डॉक्टर. तुमचे हे धाकटे डॉक्टर म्हणाले होते, थेंब घाला, नंबर थांबेल. कुठे थांबला? मागच्या महिन्यात पुन्हा वाढला. तेव्हापासून मी बंदच केलंय."

धाकटे डॉक्टर, म्हणजे त्यांचा शिष्य, मान खाली घालून उभा होता. तो दोनच वर्षांपूर्वी पदवी घेऊन आला होता, त्यामुळे त्याला बहुतेक सगळे ठाऊक होते. मनाने मात्र भला. रडवेला चेहरा दिसला की दिलासा देताना त्याच्या तोंडून एक शब्द जास्तच जाई.

बाईंच्या रागाखाली भीती होती. त्यांचा स्वतःचा नंबर लहानपणापासून भराभर वाढत गेला होता आणि त्यापायी गेल्या वर्षी आतला पडदा फाटून एका डोळ्याची दृष्टी निम्मी झाली होती. मुलगी त्याच वाटेने निघाली, या विचाराने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

वृद्धांनी बाटलीला हात लावला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, तुमचे लहानपणीचे चष्मे आहेत का?"

"आहेत की. वडिलांनी एकही टाकू दिला नाही. बिस्किटांच्या डब्यात आहेत. पण त्यांचं काय?"

"उद्या डबा घेऊन या. केतकीचे जुने चष्मेही आणा."

गुरूंचे आता वय झाले, असे शिष्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. प्रत्येक चष्म्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती: इयत्ता तिसरी, चौथी, पाचवी. वृद्धांनी एकेक चष्मा हात लांब करून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरला आणि मायलेकींना त्यातून तारीख पाहायला सांगितली. "नंबर जितका जास्त, तितकी तारीख लहान दिसेल," ते म्हणाले. तिसरीच्या चष्म्यातून तारीख जरा लहान दिसली. चौथीच्या चष्म्यातून आणखी लहान. पाचवीच्या चष्म्यातून ती इतकी आक्रसली की केतकी हसू लागली. मग केतकीचे तिसरी, चौथी, पाचवीचे तिन्ही चष्मे तसेच धरले. तारीख दर वर्षी लहान होत होती, पण अगदी किंचित.

बाई खुर्चीत बसल्या. "पाचवीत माझा नंबर एवढा होता?" त्यांचे डोळे भरून आले.

"घाट उतरताना ब्रेक लावला तरी गाडी खाली जातेच, ताई. फक्त सावकाश जाते. हे थेंब तेवढंच करतात. चढलेला नंबर ते उतरवत नाहीत. काही मुलांना ते कमी लागू पडतात, म्हणून तपासणी चुकवू नका. आणि हिला दिवसा उजेडात भरपूर खेळू द्या."

बाई मुलीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या, तेव्हा शिष्य हळूच म्हणाला, "सर, आई वेगळी, मुलगी वेगळी. याला पुरावा म्हणता येणार नाही."

"नाहीच. पुरावा तू वाचला आहेस, शेकडो मुलांचा. पण जे टळलं ते आईला दिसत नाही रे, तिला फक्त वाढलेलं दिसतं. 'थांबेल' म्हणून तू तिला दिलासा दिलास. तो दिलासा खोटा ठरला आणि जाताना खरं औषधही घेऊन गेला. 'सावकाश वाढेल' एवढंच म्हणाला असतास, तर एक महिना वाया गेला नसता."

शिष्य नवी बाटली घेऊन बाहेर गेला.

"ताई, माझं चुकलं. नंबर वाढेल. पण सावकाश वाढावा म्हणून हे घालायचं."

"घालीन," बाई म्हणाल्या. त्या मांडीवर डबा घेऊन केतकीच्या जुन्या चष्म्याला चिठ्ठी बांधत होत्या. त्यांचे वडील लिहायचे तसेच त्यांनी लिहिले होते: इयत्ता चौथी.