अर्धं गाजर, अर्धा नवरा

एक होता राजा. राजांना दुसरं काम काय? खायचं आणि रागवायचं. ह्या राजाला गाजरं फार आवडायची. म्हणून त्याने दवंडी पिटली, की दर भोगीला, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ज्याच्या त्याच्या परसातली सगळ्यात चांगली गाजरं राजवाड्यात आली पाहिजेत. लांब, रंगीत, गोड अशी. उरलेली तुमची.

मग काय व्हायचं, ऐका. बी धरायचं तर गाजर खायचं नसतं, बरं का. चांगलं गाजर निवडून परत मातीत लावायचं. मग त्याला दांडा येतो, दांड्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात, आणि छत्र्यांत बी धरतं. पण चांगली गाजरं तर राजाच्या पोटात! मग लोक उरलीसुरली, रोडकी गाजरं मातीत लावायचे. खाण तशी माती. दर साली गाजर थोडं बारीक झालं, थोडं फिकं झालं. लाल होतं ते गुलाबी झालं, गुलाबी होतं ते मुळ्यासारखं पांढरं झालं.

एका भोगीला राजाच्या ताटात पांढरं गाजर आलं आणि राजा खवळला. "माझ्या गाजरातला रंग कोणी चोरला?" आता चोर कोण ते तुम्हाला कळलं, मला कळलं. पण राजाला कोण सांगणार? गाजरं घेऊन आलेला केरबा माळी समोर उभा होता, त्यालाच धरला आणि तळघरात घातला. केरबाच्या बायकोला, सारजाला, राजा म्हणाला, "मावळतीचं आभाळ असतं ना, तसं गाजर हवं मला. वरून जांभळं, आतून लालबुंद. ते आण आणि नवरा घेऊन जा."

आणि एक सांगायचं राहिलं. त्या काळी राजाच्या शब्दाला पाय असायचे. राजा थांब म्हणाला की माणसाचे पाय थांबायचे, मनात असो की नसो. तळघराला कुलूपसुद्धा नव्हतं. केरबाचे पायच उचलत नव्हते.

सारजा घरी आली आणि चुलीपुढे बसून पोटभर रडली. मग उठून परसात गेली. राजाच्या माणसांनी वेडीवाकडी म्हणून टाकून दिलेली दोन गाजरं कोपऱ्यात पडली होती. एक लाल, दोन पायांचं. दुसरं जांभळं, पाठीला कुबड आलेलं. वाकडी होती म्हणून वाचली होती बिचारी. सारजा म्हणाली, "तुमचं दोघांचं लगीन लावते. ह्याची साल, त्याचा गाभा."

तिने दोन्ही गाजरं शेजारी शेजारी लावली. आता मधमाश्या ह्या फुलाची पिवळी धूळ त्या फुलावर नेणार, की झालं लग्न. पण लाल आधी फुललं. फुललं आणि वाळायलाही लागलं. जांभळं आपलं ढिम्म.

"थांब ना रे जरा," सारजा लालला म्हणाली.

"मला थांबता येत नाही, बाई."

"तू तरी लवकर फुल," ती जांभळ्याला म्हणाली.

"मला घाई करता येत नाही, बाई."

त्या काळी गाजरंही बोलायची. बोलून उपयोग मात्र व्हायचा नाही. लालचं बी निराळं धरलं, जांभळ्याचं निराळं. पुढच्या भोगीला लालला लाल आली आणि जांभळ्याला जांभळी. सारजा तळघराच्या खिडकीशी गेली. आतून केरबाने हाक दिली, "आलं का गं?" ती म्हणाली, "नाही हो."

मग तिने युक्ती केली. जांभळं आधी लावलं, लाल उशिरा लावलं. दोन्ही एकदम फुलली! मधमाश्यांची नुसती धांदल. त्या वर्षात सारजा हसली ती त्या दिवशीच. बी धरलं, दसरा झाल्यावर पेरलं, आणि भोगीला माती उकरली. तर काय? सगळी पांढरी. पांढरी आणि निबर, दातांनी तुटेनात.

बांधावर एक रानगाजर उभं होतं. सारजा लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिथेच. फुलं गोजिरवाणी म्हणून तिने ते कधी उपटलं नव्हतं. ते रानगाजर मान हलवून म्हणालं, "लग्नाला मला बोलावलं नाहीस. पण मी आले हो!"

सारजाने कपाळावर हात मारून घेतला. ती खिडकीशी गेली. केरबाने विचारलं, "आलं का?" आवाज अगदी बारीक झाला होता. तिच्या तोंडून "नाही" निघेना. तिने नुसती मान हलवली. पण आत अंधार, त्याला ते कुठून दिसणार? त्याने परत विचारलं, "आलं का गं?"

तिसऱ्या साली तिने आधी बांधावरचं रानगाजर मुळासकट उपटलं. जुन्या बियांची लाल आणि जांभळी गाजरं तिने राखून ठेवली होती, ती परत लावली. शेजारणी म्हणाल्या, "सारजे, सोड आता नाद. अजून वय आहे, दुसरा पाट लाव." सारजा वाफ्याला पाणी घालत राहिली. रात्री उशीत तोंड घालून म्हणाली, "देवा, एक तर मला तरी उचल, नाही तर हे वेड तरी उचल."

भोगी आली. सकाळीच ती खिडकीवरून गेली. तिची पावलं त्याने ऐकली असतील. पण त्या दिवशी केरबाने काही विचारलंच नाही.

तिने माती उकरली. निघालं ते मातकट, डागाळलेलं, ना धड लाल ना धड जांभळं. सगळा वाफा उकरून झाला. अगदी शेवटी, उकिरड्याच्या बाजूला, एक गाजर निघालं. वरून जांभळं. तिने नखाने जरा खरवडलं, तर आत लालबुंद. मावळतीचं आभाळ! पण एकच.

सारजा ते मांडीवर घेऊन बसली. राजाला द्यावं तर केरबा आज घरी येईल. पण मग बी संपलं. पुढच्या भोगीला राजा परत मागणार, मिळालं नाही की परत केरबाला धरणार. आणि मातीत लावावं तर आणखी एक वर्ष केरबा तिथेच, आणि त्याने तर विचारायचंसुद्धा सोडलेलं. ती गाजराला म्हणाली, "तूच सांग रे, काय करू?"

लाल बोललं होतं. जांभळं बोललं होतं. ते मेलं रानगाजरसुद्धा बोललं होतं. हे मात्र बोललं नाही. खरी वेळ आली की गोष्टीतसुद्धा कुणी बोलत नाही, बाळांनो.

समोर उद्याची सुगडं मांडून ठेवली होती. आपण संक्रांतीला सुगडात काय घालतो? बोरं, हरभरा, उसाचं कांडं, आणि गाजराचा तुकडा. अख्खं गाजर कुणी घालतं का? सारजा सुगडाकडे बघत राहिली. मग तिने विळी ओढली. आजवर असं कुणी केलं नव्हतं. अर्धं गाजर जगतं का मरतं, तिला काय ठाऊक? तिने डोळे मिटले आणि गाजर कापलं. पाल्याकडचं डोकं मातीत लावलं. शेपटाकडचा तुकडा सुगडात घातला आणि राजवाड्यात गेली.

राजाने सुगडात बघितलं. "अर्धंच?"

"सुगडात तुकडाच घालतात, महाराज."

राजा तुकडा चावून खात म्हणाला, "बरं तर. तू अर्धं गाजर दिलंस, मी अर्धा नवरा देतो. उजेडातला केरबा तुझा, अंधारातला माझा. उरलेला तुकडा आण, उरलेला नवरा ने."

आला केरबा घरी. केस पांढरे झालेले, उजेडात डोळे उघडत नव्हते. दिवसभर परसात तिच्याजवळ बसायचा. पण दिवस बुडाला रे बुडाला, की त्याचे पाय चालायला लागायचे. तोंडातला घास तोंडात, हातातली भाकरी हातात, आणि पाय आपले तळघराकडे. सारजा रोज संध्याकाळी मागे धावायची आणि रोज एकटी परत यायची. एकदा ती म्हणालीच, "अहो, तुम्ही अख्खे तिकडे होता ते बरं होतं. असं रोज रोज मरवत नाही."

आणि मातीतलं ते डोकं? पाला सुकला. ती रोज पाणी घालायची, रोज बघायची. काही नाही. कुजलं असेल, असं ती मनात म्हणायची आणि तरी पाणी घालायची. किती दिवस गेले कोण जाणे. मग एका सकाळी केरबाच म्हणाला, "सारजे, हे बघ गं." एक कोवळं पान. नखाएवढं.

मग त्याला दांडा आला, छत्र्या आल्या. दोघं बांधावर बसून राहायची. रानगाजर डोकं वर काढायचं, की केरबा उपटायचा. बी धरलं, पेरलं. सगळी काही तशी आली नाहीत. काही नुसती लाल, काही नुसती जांभळी. पण मावळतीसारखीही ओंजळभर आली. सारजाने त्या सगळ्यांची डोकी आधी मातीत लावली. मग शेपटं सुगडात घालून राजापुढे ठेवली.

"हा घ्या उरलेला तुकडा, महाराज. त्याच डोक्यातून आलाय."

राजाने खाल्लं. बोट चाटलं. शब्द तर दिलेला होता. म्हणाला, "जा, ने."

पण सारजाचा विश्वास बसेना. संध्याकाळी केरबा उंबऱ्यावर बसला, आणि तिने खाली बसून त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले. दिवस कलला. ती म्हणाली, "हलले का हो?" तो म्हणाला, "नाही." दिवस बुडाला. तिने डोळे मिटून घेतले, पाय आणखी घट्ट धरले. अंधार पडला. पाय हलले नाहीत. मग मात्र ती त्या पायांवर डोकं ठेवून इतकी रडली, इतकी रडली, की केरबाचे पाय ओले झाले.

मग सारजाने घरोघरी बी वाटलं. राजाच्या ताटात पुन्हा कधी अख्खं गाजर आलं नाही. डोकं मातीला, शेपूट राजाला. आणि सारजा-केरबा सुखाने भाकरी खाऊ लागली, अंधार पडल्यावरसुद्धा.

बघू, तुमचे पाय कुठे आहेत? हा एक, हा दुसरा, आणि हे गार पडलेले कुणाचे गं? घ्या पांघरुणात. गाजर मातीत, गोष्ट पोटात, पाय पांघरुणात. आता कुठ्ठे जायचं नाही. निजा.