लेप आणि बारा चुळा

“पण दादाबुवा, तोंड न धुता पोथीला हात लावायचा तरी कसा?”

धुंडिराजानं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. दादाबुवा मठाच्या ओसरीवर उन्हाला पाठ देऊन बसले होते.

तीन वाजून गेले होते. चारला सप्ताहाच्या समाप्तीचा अध्याय. अंगण निम्म्याहून अधिक भरलं होतं.

गोष्ट तशी दाताएवढीच. पण त्या दातानं माणसाला पार रडकुंडीला आणलं होतं.

धुंडिराज नऊ वर्षं मठाचा वाचक. आवाज खणखणीत, उच्चार चोख, आणि सोवळ्याचा ताठा असा की बोलायची सोय नाही. मठाचा नियम एवढाच, की जेवणानंतर बारा चुळा भरल्याशिवाय वाचकानं पोथीला शिवायचं नाही. हा पठ्ठ्या चोवीस भरायचा. दिवसातून तीनदा राखुंडीनं दात घासायचा, तेही रक्त येईपर्यंत. पंगतीतून कुणी नुसतं तोंड पुसून उठलं की ह्याच्या कपाळाला आठ्या.

घासून घासून हिरड्या मागे सरल्या, दातांची मुळं उघडी पडली. गार पाण्याचा थेंब लागला की कळ थेट मस्तकात जायची. पुढे पुढे तर नुसता वाराही झोंबायला लागला.

काल तेच झालं. नदीवरून गार झुळूक आली, ह्यानं ओवीच्या मध्यावर श्वास ओढला आणि अशी सणक गेली की गाल दाबून मटकन खाली वाकला. दोनशे माणसं बघत राहिली. शेवटी मागच्या वर्षी मठात आलेल्या पद्माकरानं पोथी पुढ्यात ओढली आणि अध्याय पुरा केला.

मठाचे प्रमुख दादाबुवा, त्यांनी ऐंशी ओलांडलेली. आजच्या समाप्तीनंतर वाचकाचं आसन ते कायमचं कुणाला तरी देणार, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आज पुन्हा अडखळलं, तर आसन पद्माकराचं. धुंडिराजाला दुसरं काही सुचतच नव्हतं.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या त्यानं तालुका गाठला. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ही तिसरी खेप.

पहिल्या दोन्ही खेपांना बाईंनी दातांना फ्लोराइडचा लेप लावला होता आणि बजावलं होतं, “संध्याकाळपर्यंत चूळ नाही, घासणं नाही, गरम काही नाही. लेप दातांत मुरू द्या. रोजची पेस्टसुद्धा नुसती थुंकून टाकायची, पाण्यानं खळखळून धुवायची नाही.”

ह्यानं मान डोलावली होती. आणि दोन्ही वेळा दवाखान्याबाहेरच्या नळावर बोटानं चोळचोळून तोंड धुतलं होतं. तो पिवळट चिकटा जिभेला लागला की त्याला जीव नकोसा व्हायचा.

आज बाईंनी हातच जोडले. “महाराज, मी लावते आणि तुम्ही धुता! दाताला औषध लागायचं कधी? आज टिकवलात तर दुपारपर्यंत थोडा आराम पडेल. धुतलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका.”

परत येऊन त्यानं कोमट मऊभात कसाबसा गिळला, आणि तेव्हापासून तो भरला तांब्या हातात घेऊन येरझारा घालत होता.

“दादाबुवा, काहीतरी बोला हो.”

“काय बोलू?”

“चूळ भरली तर लेप जातो. लेप गेला की कळ, आणि कळ आली की वाचन बंद. नाही भरली तर तोंड उष्टं. उष्ट्या तोंडानं देवाचं नाव... नऊ वर्षांत एकदाही घेतलं नाही मी!”

“हं.”

“नियम तुमच्या गुरूंनीच घातलाय ना?”

“घातलाय. बाराचा.” दादाबुवांनी डोळे किलकिले केले. “चोवीसचा कुणी घातला रे?”

धुंडिराजाचे कान लाल झाले.

अंगणात टाळ वाजू लागले. पद्माकर ओसरीच्या पायरीशी येऊन अदबीनं उभा राहिला. “धुंडिराजदादा, चौरंग मांडलाय. पोथी सोडू का?”

“थांब जरा!” धुंडिराज खेकसला. पद्माकर बिचारा मुकाट मागे फिरला.

तो गेला तसा धुंडिराजाचा सगळा ताठा गळाला. “मला भीती वाटते हो,” तो म्हणाला.

“कशाची? कळेची?”

“कळेची वाटते. आसनाची वाटते. आणि ह्या तोंडाची सगळ्यात जास्त वाटते.”

दादाबुवा जरा पुढे सरकले. “श्वास ओढ बघू.”

“अं?”

“तोंडानं ओढ. वाचताना ओढतोस तसा.”

धुंडिराजानं डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि घाबरत घाबरत श्वास आत घेतला. मग पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा चांगला छाती भरून घेतला.

“झोंबलं?”

“...नाही.” चोरी पकडल्यासारखं त्यानं सांगितलं.

“मग जा की वाचायला.”

“पण स्वच्छ वाटत नाही, दादाबुवा! दातांवर काहीतरी बसलंय. जीभ सारखी तिथंच जाते. असल्या तोंडानं मी पहिली ओवी म्हणू कशी?”

“लोकांना काय दिसतंय तुझ्या तोंडात?”

“मला कळतंय ना!”

टाळ थांबले. अंगणात सगळं शांत झालं, आणि ती शांतता आपल्यासाठीच थांबलीये हे धुंडिराजाला कळलं.

“जाऊ दे,” तो पुटपुटला. “जे व्हायचं ते होवो.”

त्यानं तांब्या ओठांपर्यंत नेला. आडाचं पाणी, गारवा नुसता ओठांना लागला तोच तो थबकला.

“आण इकडे,” दादाबुवा म्हणाले.

त्यांनी तांब्या काढून घेतला आणि शेजारी ठेवला. मग दोन बोटं तोंडात घातली, जरा हिसका दिला आणि वरची कवळी बाहेर काढली. पाठोपाठ खालची.

धुंडिराज बघतच राहिला. दादाबुवा नेहमी दार लावून एकटेच जेवायचे. नऊ वर्षं त्यांच्या पायाशी बसून ह्याला त्या दातांचा पत्ता नव्हता. उलट, ह्या वयात म्हाताऱ्याची बत्तिशी शाबूत कशी, ह्याचा त्याला मनातून हेवाच वाटायचा.

“तुमचे दात... कधी गेले?”

“तुझ्या वयाचा होतो.” बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत आले, पण कळले. “मी छत्तीस भरायचो.”



दादाबुवांनी कवळी तळहातावर घेतली आणि तांब्यातल्या पाण्याची बारीक धार तिच्यावर धरली. एक. धार तोडली, पुन्हा धरली. दोन. बोटाच्या पेरांवर अंगठा टेकवत ते सावकाश मोजत होते. पाणी बर्फासारखं गार, पण ते दात जसेच्या तसे, पांढरेशुभ्र.

अंगणातून कुणीतरी हाक मारली. दादाबुवांनी तिकडे पाहिलंही नाही. बारा पुरे केले, उपरण्याच्या सोग्यानं कवळी हळूच टिपली आणि हात लांब करून धुंडिराजापुढे धरली.

“घे. झाली शुद्ध. आता हिला सांग पोथी वाचायला.”