पडद्यावर न उगवणारी पहाट

शेवंती ठाकरीण घसा कोरडा करून सांगत होती, पण कुणी म्हणून तिच्यावर विश्वास ठेवीना. चामड्यात खोट नाही, रंगात खोट नाही, खोट पडद्याच्या पलीकडे आहे! नवरा म्हणाला, गप बस. सासरा म्हणाला, पलीकडे राजे बसतात, जीभ सांभाळ.

झालं होतं असं. आंबेरीचे राजे उदाजीराव यांना चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाचं भारी वेड. पांढरा पडदा, त्यामागे तेलाचा दिवा, मध्ये पडद्याला टेकवलेली रंगीत चित्रं. यंदा राजांनी हट्ट धरला, पडद्यावर पहाट उगवली पाहिजे. तळाला लालभडक, वर जाता जाता फिकी, आणि रंग कुठे संपला ते कळता कामा नये. शेवंतीच्या नवऱ्याने कातडं वरच्या अंगाला खरवडून खरवडून कांद्याच्या पापुद्र्यासारखं केलं, रंग पुसत पुसत वर नेला. घरच्या ओसरीवर पहाट अशी उगवली, की शेजारचा कोंबडा आरवला.

राजवाड्यात मात्र खाली काळा पट्टा, वर कोरं फडकं. मधली पहाट गडप!

"ही पहाट, की तव्याचं बूड?" राजे म्हणाले.

नवऱ्याने रंग बदलला, कातडं बदललं, वात जाड केली, पडदा धुऊन आणला. घरी पहाट, वाड्यात तवा. राजांचं डोकं फिरलं. उद्या पहाट उगवली नाही तर देवीच्या जत्रेतला खेळाचा मान ठाकरांकडून काढून घेईन, आणि ज्याचा दोष त्याच्या नावाने गावभर दवंडी पिटीन, असं त्यांनी सुनावलं. मान गेला म्हणजे घरात येणारं जत्रेचं भातही गेलं.

पुरुष सगळे पडद्यामागे. शेवंती पुढे बायकांत बसून बघायची, म्हणून तिला कळलं होतं. राजांच्या दोन्ही अंगांना मशालजी उभे असत. राजे हलले की तेही हलणार, हा वाड्याचा रिवाज. त्या मशालींचा उजेड समोरून पडद्यावर पडे आणि मागून येणारा नाजूक रंग खाऊन टाकी. पण राजासमोर "मशाल मालवा" म्हणणं म्हणजे राजाचं मरण चिंतणं! तसं बोलणाऱ्याला हद्दपार करीत.

दुसऱ्या दिवशीही पडदा काळवंडला. राजे कडाडले. तशी शेवंतीने पदर खोचला आणि थेट पुढे गेली.

"महाराज, दोष कुणाचा ते कळलंय. पण बघायला पडद्यामागे यावं लागेल."

"मी? त्या तेलकट दिव्यापाशी?"

"दिवाच आहे तो, महाराज. वाघ नाही."

राजे तणतणत मागे गेले. पाठोपाठ मशालजी. पुढे अंधार झाला आणि पोरंबाळं ओरडली, "उजाडलं, उजाडलं!"

राजे धावत पुढे आले. मशालीही आल्या. पहाट पळाली! राजे पुन्हा मागे, पुन्हा लोकांचा जल्लोष. पुन्हा पुढे, पुन्हा तवा. शेवटी धापा टाकत ते मध्येच थांबले.

"बाई, सगळ्यांना दिसते ती मलाच का दिसत नाही?"

"तुमच्यासंगं जे हिंडतंय त्याला विचारा. मला ते बोलायची बंदी आहे."

राजांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग हळूच मशालजींना म्हणाले, तुम्ही जा रे पडद्यामागे. आणि जन्मात पहिल्यांदा अंधारात एकटे बसले.

पडद्यावर लाल फुटलं, केशरी झालं, पिवळं झालं आणि कुठे विरलं ते कुणाला कळलं नाही.

राजे असे हसले, असे हसले, की पगडी मांडीवर आली! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी शेवंतीला दिलं, जत्रेचा मान तिच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या लावून दिला, आणि खेळ चालू असताना राजासमोरसुद्धा मशाल नको, असा हुकूम सोडला.

दिवाणजी चाचरत पुढे आले. दवंडी पिटायची ठरली होती, पण नाव कुणाचं घ्यायचं?

राजांनी डोळे पुसले. "पिटा की. आंबेरीची पहाट कुणी बुडवली? उदाजीरावाने!"